शोकातून उभी राहिलेली माणसं



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते तेव्हा तिच्यात चळवळीचा इतिहास यायचाच. महाड, नाशिक, येवला, नागपूर ही गावं आणि त्यांच्या तारखा आपल्या मुलांनाही पाठ आहेत. पण ह्या प्रत्येक तारखेच्या मागे मार खाल्लेली, घर जळालेली, घरचं माणूस गेलेली कुटुंबं आहेत. लढा संपला, सभा पांगली, झेंडे गुंडाळले, त्यानंतर ती माणसं घरी गेली. घरी जाऊन ती कशी जगली? रात्री त्यांना झोप लागली का? कोणी त्यांना सावरलं? हा इतिहास फारसा लिहिला गेलेला नाही. यंदाच्या अंकात आम्ही तोच थोडासा मांडायचं ठरवलं आहे.

रमाईच्या घरातला शोक

सुरुवात बाबासाहेबांच्याच घरापासून करू. आपण त्यांना महामानव म्हणतो, घटनेचे शिल्पकार म्हणतो. ते एक बापही होते. बाबासाहेब आणि माता रमाई यांना यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी मुलं झाली. त्यातले एकटे यशवंतराव, आपले भैय्यासाहेब, तेवढे जगले. चार लेकरं हातातून गेली. शेवटचा राजरत्न १९२६ च्या जुलै महिन्यात गेला. त्यानंतर महिन्याभरानं बाबासाहेबांनी आपले मित्र दत्तोबा पवार यांना पत्र लिहिलं. मुलाच्या मृत्यूचा धक्का आम्ही पचवला असं दाखवण्यात काही अर्थ नाही, असं त्यांनी त्यात उघडपणे कळवलं होतं.

एवढा मोठा विद्वान, एवढा खंबीर पुढारी, पण आपलं दुःख त्यानं लपवलं नाही. मित्राला सांगितलं, लिहून सांगितलं. "पुढाऱ्यानं रडायचं नसतं", "कार्यकर्ता खचला तर लोकांनी कुणाकडे बघायचं" असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. बाबासाहेबांचं ते पत्र ह्या बोलण्याला दिलेलं उत्तरच आहे.

आणि मग काय झालं? राजरत्नाला जाऊन आठ महिने होतात न होतात तोच १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडची परिषद भरली. २० मार्चला चवदार तळ्याचं पाणी हाती घेतलं गेलं. त्याच दिवशी परतणाऱ्या आपल्या माणसांवर हल्ला झाला, डोकी फुटली. संतापलेल्या लोकांना बाबासाहेबांनी आवरून धरलं, हातावर हात उचलू दिला नाही. जखमी होऊन गेलेली ती माणसं डिसेंबरमध्ये दुसऱ्या परिषदेला पुन्हा महाडला आली, आणि २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृतीचं दहन झालं. दुःख संपलं म्हणून ती आली नव्हती. दुःख बरोबर घेऊनच आली होती, फक्त आता ती एकटी नव्हती.

रमाई २७ मे १९३५ ला गेल्या. पुढे बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ 'रामू'च्या स्मृतीला अर्पण केला. राजकारणावरच्या ग्रंथाच्या पहिल्या पानावर बायकोचं घरगुती नाव! गेलेल्या माणसाची आठवण कामात कशी मिसळायची, हे त्या एका पानावरून कळतं.

सात डिसेंबरची संध्याकाळ

६ डिसेंबर १९५६. दिल्लीला अलीपूर रोडवरच्या घरी बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. नागपूरच्या दीक्षेला अजून आठ आठवडेसुद्धा झाले नव्हते. १४ ऑक्टोबरला लाखो लोकांनी पांढरी वस्त्रं नेसून धम्म घेतला होता, मुंबईकरांची दीक्षा १६ डिसेंबरला व्हायची होती. मुंबईच्या चाळी-चाळींत, झोपडपट्टीत तिची तयारी चालली होती. आणि दहा दिवस आधी बाप गेला.

आपल्या घराघरांतली म्हातारी माणसं सांगत आली आहेत की त्या दिवशी चुली पेटल्या नाहीत. गिरणीतले लोक काम टाकून आले, गावाकडून मिळेल त्या गाडीनं आले. पार्थिव विमानानं रात्री मुंबईत आणलं, राजगृहावर दर्शनासाठी ठेवलं. ७ डिसेंबरला निघालेली अंत्ययात्रा दादरच्या चौपाटीवर पोचली तेव्हा माणसांचा दुसरा समुद्र तिथे उसळला होता. बौद्ध पद्धतीनं अंत्यविधी झाला. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी तो पार पाडला.

पण त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट घडली. जगाच्या इतिहासात तिला जोड सापडणं अवघड आहे. बाबासाहेबांच्या पार्थिवाच्या साक्षीनं, त्याच ठिकाणी, भदन्तांनी जमलेल्या लोकांना दीक्षा दिली. लाखावर लोकांनी रडत रडत त्रिशरण-पंचशील म्हटलं. दहा दिवसांनी व्हायची होती ती दीक्षा चितेपाशी झाली.

मनाचे डॉक्टर आज असं सांगतात की मोठा आघात बसला की माणूस बधिर होतो. आपल्या हातात काहीच उरलं नाही, असं त्याला वाटत राहतं. अशा वेळी त्याला दोन गोष्टींची गरज असते. सोबत माणसं हवीत, आणि हातून काहीतरी व्हायला हवं. सात डिसेंबरला आपल्या आज्या-आजोबांना ह्या दोन्ही गोष्टी मिळाल्या. शेजारी रडणारी लाखो माणसं होती, आणि ओठांवर म्हणायला शब्द होते. बाप गेला त्याच संध्याकाळी बापाचं राहिलेलं काम लेकरांनी हाती घेतलं.

नागपूरचे चार दिवस

त्याच वेळी नागपूरला काय चाललं होतं तेही सांगायला हवं. मूळचे इंग्लंडचे आणि कालिम्पाँगला राहणारे भिक्षू संघरक्षित योगायोगानं ६ डिसेंबरलाच नागपुरात आले होते. बातमी येताच सगळे कार्यकर्ते हादरून गेले. संध्याकाळी कस्तुरचंद पार्कवर शोकसभा ठरली. चारी दिशांनी लोकांच्या रांगा येत होत्या. सात आठवड्यांपूर्वी दीक्षेसाठी घेतलेली पांढरी वस्त्रं त्यांनी आता शोकासाठी नेसली होती. सुमारे लाखभर लोक जमले. एक एक पुढारी बोलायला उठे, दोन शब्द बोले आणि हुंदका फुटून खाली बसे. शेवटी संघरक्षित एका रिक्षाच्या सीटवर उभे राहून तासाभरापेक्षा जास्त बोलले. बाबासाहेब गेलेले नाहीत, त्यांचं काम पुढे नेणं हेच त्यांचं जगणं, असा त्यांच्या बोलण्याचा सारांश होता.

खरं मोल त्या एका भाषणापेक्षा पुढच्या दिवसांचं आहे. त्यानंतरचे चार दिवस ते नागपूरच्या वस्त्या-वस्त्यांतून हिंडले. चाळीसच्या आसपास सभा झाल्या. सुमारे तीस हजार लोकांना त्यांनी दीक्षा दिली. म्हणजे दिवसाला दहा वस्त्या! मोठ्या मैदानावर माणूस रडून घेतो हे खरं, पण घरी गेल्यावर पुन्हा एकटा पडतो. कुणीतरी आपल्या गल्लीत येतं, आपल्या ओट्यावर बसतं, तेव्हाच त्याला धीर येतो. नागपूरच्या कार्यकर्त्यांनी हे ओळखलं आणि त्या भिक्षूंना वस्तीवस्तीत फिरवलं.

ह्याचं फळ पुढे आकड्यांतही दिसलं. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्धांची संख्या जेमतेम अडीच हजार होती. १९६१ ला ती सत्तावीस लाखांच्या वर गेली. बाप गेल्यावर घर फुटेल, लोक परत जुन्या दैवतांकडे जातील, असं म्हणणारे त्या वेळी कमी नव्हते. पण घर फुटलं नाही.

आणि शोकाचा तो दिवस नुसता शोकाचा राहिला नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला तो ६ डिसेंबर १९६४ पासून. लाखो लोक तुरुंगात गेले. आजही सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जी रीघ लागते, तिच्यात पुस्तकं विकत घेणारी माणसं बघा. डोक्यावर पिशवी, कडेवर पोर, आणि पिशवीत पुस्तक. जगात कुठल्या समाजानं आपल्या शोकदिनी पुस्तकांचा बाजार भरवला असेल?

ह्या सगळ्यात गाण्यांचाही वाटा मोठा आहे. वामनदादा कर्डकांसारखे कवी, त्यांच्यामागून आलेले गायक, गावोगावच्या गायन पार्ट्या, ढोलकी आणि पेटी घेऊन रात्र रात्र जागल्या. अक्षर न वाचता येणाऱ्या बाईला बापाच्या जाण्याचं दुःख बोलता येत नव्हतं, ते ह्या गाण्यांनी तिच्यासाठी बोलून दाखवलं. ती गाणी ऐकता ऐकता आमच्या माताभगिनी रडल्या, आणि उठून सकाळी कामावर गेल्या.

नामांतराचे घाव

सगळीच दुःखं अशी लाखोंच्या सोबतीनं वाटून घेता आली नाहीत. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केला, आणि मराठवाड्यात आग लागली. शेकडो गावांत वस्त्या जाळल्या, धान्य जाळलं, विहिरी नासवल्या, माणसं गाव सोडून पळाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे ऑगस्ट १९७८ मध्ये मारले गेले. ते मातंग समाजाचे होते, आणि बाबासाहेबांच्या नावासाठी त्यांनी जीव दिला. ही आठवण आपल्या मुलांना आवर्जून सांगावी अशी आहे.

चितेपाशी झालेली दीक्षा आणि नामांतराचे घाव ह्यांत एक मोठा फरक आहे. १९५६ ला सगळ्यांचं एकच माणूस गेलं होतं. १९७८ ला ज्याच्या घराची राख झाली तो त्याच गावात, त्याच जाळणाऱ्यांच्या शेजारी परत राहायला जाणार होता. रोज तोच रस्ता, तोच पाणवठा, तेच चेहरे. अशी जखम भरून येत नाही, तिच्यावर रोज नखं लागतात. त्यातून कितीतरी कुटुंबं शहरांकडे आली आणि मिळेल त्या झोपडपट्टीत राहिली.

तरीही लढा थांबला नाही. प्रा. जोगेंद्र कवाडे यांचा लाँग मार्च ११ नोव्हेंबर १९७९ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवरून निघाला. पुढे वर्षानुवर्षं मोर्चे, लाठ्या, तुरुंग चालूच राहिले. शेवटी १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. साडेपंधरा वर्षं! त्या काळात निराशेपोटी काही तरुणांनी आपला जीवही दिला. त्यांच्या त्यागाला आम्ही वंदन करतो. पण त्याच श्वासात हेही म्हणतो की बाबासाहेबांच्या चळवळीला आपली पोरं जिवंत हवी आहेत. जिवंत कार्यकर्ता दहा घरं उभी करतो. गेलेल्याचं स्वतःचं घरच आधी कोसळतं.

दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या त्या कमानीपुढे लोक येऊन माथा टेकवतात. बाहेरच्याला वाटेल, दगडी कमानीला कसला नमस्कार! ज्याचं घर जळालं त्याला विचारा. आपलं जळालेलं घर वाया गेलं नाही, त्याची खूण त्या कमानीवर अक्षरांनी कोरलेली आहे, असं त्याला वाटतं. जखम भरायला अशी डोळ्यांनी दिसणारी खूणही लागते.

रमाबाई नगर आणि शाहिराचा एकांत

११ जुलै १९९७ ची सकाळ. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला, दहा जण ठार झाले, अनेक जखमी झाले. चार लेकरं गमावलेल्या रमाईचं नाव असलेल्या वस्तीत त्या दिवशी किती आयांनी टाहो फोडला!

पुढे न्यायमूर्ती गुंडेवार आयोग बसला. त्यानं गोळीबार समर्थनीय नसल्याचं सांगितलं. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला २००९ साली सत्र न्यायालयानं जन्मठेप सुनावली, नंतर उच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळाला. निकालालाच बारा वर्षं लागली. शोक करणाऱ्या माणसाला न्यायाची वाट बघायला लावणं म्हणजे त्याची जखम उघडी ठेवणं होय. प्रत्येक तारखेला त्याला तो दिवस पहिल्यापासून जगावा लागतो.

गोळीबारानंतर चार दिवसांनी, १५ जुलै १९९७ ला, शाहीर विलास घोगरे यांनी आपलं जीवन संपवलं. आव्हान नाट्य मंचातून घडलेला हा शाहीर. गिरणी कामगारांसाठी, झोपडीवासीयांसाठी त्यानं आयुष्यभर डफ वाजवला. आनंद पटवर्धन यांच्या मुंबईतल्या झोपडपट्ट्यांवरच्या चित्रपटात त्याचा आवाज ऐकू येतो. रमाबाई नगरातला आकांत त्यानं बघितला आणि तो त्याला सोसवला नाही. पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' हा चित्रपट त्याच्या मृत्यूपासूनच सुरू होतो. तो पुरा व्हायला चौदा वर्षं लागली.

एका माणसाच्या मनात शेवटी काय होतं हे बाहेरून कुणी सांगू नये, आम्हीही सांगणार नाही. पण ह्या घटनेनं चळवळीपुढे जो प्रश्न ठेवला तो आजही तसाच उभा आहे. दुसऱ्यांचं दुःख जो गातो, त्याचं दुःख कोण ऐकतं? मयतीला पहिला धावणारा, पंचनाम्याला उभा राहणारा, प्रेत ताब्यात घ्यायला शवागारात जाणारा, कोर्टाच्या तारखा लक्षात ठेवणारा कार्यकर्ता रात्री घरी जातो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे काय काय येत असेल? त्याच्या बायको-पोरांवर त्याचा राग का निघतो? तो दारूकडे का वळतो? "बिघडला" असं म्हणून आपण मोकळे होतो. तो बिघडलेला नसतो, तो भरलेला असतो. ओतायला त्याला जागा मिळालेली नसते.

चळवळीनं शहीदांचे फोटो लावले, त्यांना हार घातले, हे योग्यच झालं. पण शहिदाच्या आईला वर्षातून एकदा मंचावर बोलावून शाल-श्रीफळ देणं आणि बाकी तीनशे चौसष्ट दिवस तिच्या दारावरून पुढे निघून जाणं, ह्याला सावरणं म्हणत नाहीत.

मोहरीचा दाणा आणि पटाचारा

ह्यावर तथागतांकडे काही उत्तर आहे का? किसा गोतमीची गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मेलेलं लेकरू कवटाळून ती बुद्धांकडे आली. ज्या घरात कुणी मेलं नाही अशा घरून मूठभर मोहरी आण, असं त्यांनी तिला सांगितलं. ह्या गोष्टीचा अर्थ आपण "मरण सगळ्यांनाच आहे" एवढाच सांगतो. जरा नीट बघू या. बुद्धांनी तिला समोर बसवून उपदेश केला नाही. घराघरांत पाठवलं. प्रत्येक दारात एक बाई उभी होती, आणि प्रत्येकीनं आपल्या घरचं मरण तिला सांगितलं. संध्याकाळपर्यंत गोतमीनं अख्ख्या गावाचं दुःख ऐकलं, आणि गावानं तिचं. औषध मोहरीत नव्हतं, त्या फेरीत होतं.

दुसरी पटाचारा. नवरा, दोन मुलं, आईबाप, भाऊ, सगळेच गेले आणि ती वेड्यासारखी हिंडू लागली. लोकांनी तिला हाकललं. बुद्धांनी मात्र जवळ येऊ दिलं. ती भिक्षुणी झाली, आणि पुढे लेकरं गमावलेल्या कितीतरी बायकांचा आधार ती बनली. थेरीगाथेत तिची आणि तिच्या शिष्यांची आठवण आहे. जी सावरली तिनंच दुसरीला सावरलं.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना दुःख हे नशिबाचं म्हणून सोसायचं, हा विचार नाकारला. माणूस माणसाला देतो ते दुःख दूर करता येतं, ते दूर करणं हाच धम्म, अशी त्यांची मांडणी आहे. म्हणून अन्यायाविरुद्ध लढायचं आणि अन्यायानं मोडलेल्या माणसाला सावरायचं, ही कामं वेगळी नाहीत.

विहारानं काय करावं

आपल्या समाजात शोकाच्या काही चांगल्या चालीरीती आहेत. घरी मयत झाली की शेजारची बाई न सांगता भाकरी-कालवण घेऊन येते. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळी वस्ती येते, त्रिशरण-पंचशील होतं, दोन माणसं गेलेल्याबद्दल चांगलं बोलतात. ह्या रीती जपू या. पण त्या दिवसानंतर काय, हा खरा प्रश्न आहे. म्हणून ह्या वर्धापनदिनाच्या निमित्तानं आम्ही काही गोष्टी सुचवतो.

एक, पुण्यानुमोदन झाल्यावर सहा महिने तरी दर पौर्णिमेला विहारातल्या दोघा-तिघांनी त्या घरी जाऊन बसावं. उपदेश करू नये. चहा प्यावा आणि ऐकावं.

दोन, महिला मंडळानं महिन्यातून एक दुपार फक्त बोलण्यासाठी ठेवावी. १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' ह्या पुस्तकासाठी गावोगावच्या म्हाताऱ्या कार्यकर्त्यांना बोलतं केलं. कुणी विचारलं म्हणून त्या बोलल्या. विचारणं हेसुद्धा औषधच आहे.

तीन, अत्याचारग्रस्त कुटुंबाला ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांप्रमाणे आर्थिक मदत आणि पुनर्वसनाचा हक्क आहे. २०१५ च्या दुरुस्तीनं पीडितांचे आणि साक्षीदारांचे हक्क कायद्यातच घातले. कोर्टाच्या तारखेला त्या कुटुंबाबरोबर वस्तीतलं एक माणूस जावं. एकट्या बाईला कोर्टाच्या बाकावर बसवून ठेवू नये.

चार, कार्यकर्त्यालाही रजा हवी. मोठ्या प्रसंगातून आलेल्या तरुणाला दुसऱ्याच दिवशी पुढच्या मोर्चाला जुंपू नये. झोप उडाली, भीतीनं दचकायला झालं, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर त्याला सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात घेऊन जावं. २०२२ पासून 'टेली मानस' ही सरकारी सेवाही आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर फुकट, मराठीतून बोलता येतं. पाय मोडला तर आपण डॉक्टरकडे जातो. मन मोडलं तर लाज कसली?

सात डिसेंबर १९५६ च्या संध्याकाळी आपल्या आज्या-आजोबांपाशी पैसा नव्हता, शिक्षण नव्हतं, मनाचे डॉक्टर नव्हते. एकमेकांचा हात होता आणि ओठांवर त्रिशरण होतं. तेवढ्यावर त्यांनी आपल्याला इथपर्यंत आणलं. आज आपल्याकडे त्याहून पुष्कळ आहे. तो हात तेवढा सुटू देऊ नये, एवढीच सर्वांना नम्र विनंती.

सर्व ज्ञात-अज्ञात शहीदांना, आणि त्यांच्यामागे जगत राहिलेल्या त्यांच्या माता-पित्यांना, पत्नींना, लेकरांना विनम्र अभिवादन!

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!